एक गोरी बाई

१

दोन्ही हातांत कॉफीचे ट्रे धरून पद्मा खोब्रागडेने खांद्याने हॉलचं दार ढकललं, समोर पाहिलं आणि म्हणाली, "झालं! संपलं सगळं."

भिंतीलगत उभ्या केलेल्या फ्लेक्सच्या बोर्डांमधला एक गायब होता. रिकामा स्टँड तेवढा जागच्या जागी. दुपारी उद्घाटन, नगरसेविकाबाई फीत कापणार, पार शेजारच्या प्रांतातल्या लव्हालपासून माणसं गाड्या काढून निघालेली, आणि नेमका मधलाच बोर्ड नाही. पद्माने ट्रे टेबलावर आदळले. आठवडाभर ती नॉर्थ यॉर्कच्या एका विमा कंपनीत बसून लोकांचे क्लेम तपासायची. कुणाच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलेलं असायचं, कुणाची गाडी म्हणे आपोआप खांबावर चढलेली असायची. पाच दिवस थापा ऐकल्यावर शनिवारी तरी माणसाला सुट्टी असावी की नाही? नाही. शनिवारी मराठी मंडळ.

तिची आंबेडकर असोसिएशन आणि दीनानाथ बिवलकरांचं मंडळ पहिल्यांदाच मिळून काहीतरी करत होते. कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतला, प्रदर्शनाला नाव दिलं 'गोरा कॅनडा'. हा देश गोऱ्यांचाच राहावा म्हणून एकेकाळी कसे कायदे केले गेले, त्याचं प्रदर्शन. एका बोर्डावर १९०७ चा व्हँकूवरचा दंगा, चिनी-जपान्यांची दुकानं फोडणारा जमाव. एकावर चिन्यांवर बसवलेला माणशी कर. एकावर बंदरातूनच परत पाठवलेली कोमागाटा मारू बोट. आणि एकावर १९०८ चा तो हुकूम, ज्याच्यावर पद्माचा खास राग होता. हिंदुस्थानी लोकांना घेऊ नका असं त्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं. आपल्या देशातून थेट, मध्ये न थांबता, एकाच तिकिटावर या, एवढंच. आणि तशी थेट बोट सरकारने राहूच दिली नव्हती. म्हणजे दार तर लावलं आणि वर हात झटकून मोकळे! विम्यातल्या बारीक अक्षरांत ही चलाखी ती रोज बघायची, म्हणून तिला ती जास्तच झोंबायची.

गेलेला बोर्ड मात्र वेगळा होता. त्याचं शीर्षक 'आम्हीही आर्य'. मजकूर पद्माने स्वतः तपासला होता, त्यामुळे पाठच होता: 'व्हिक्टोरियातले लाकडाचे व्यापारी केशव बल्लाळ खांबेटे यांनी १९१२ साली गोऱ्यांच्या सभेत भाषण केलं. आम्ही आर्य, रक्ताने तुमचेच भाऊबंद. मजुरांना आणि हलक्या जातींना खुशाल अडवा, पण आमच्यासाठी दार उघडा, असं ते म्हणाले. सभेने टाळ्या वाजवल्या. खांबेट्यांच्या पत्नीला मात्र कॅनडात कधीच प्रवेश मिळाला नाही.'

हे शोधून काढलं होतं ग्वेल्फच्या गुणवंत वासनिकांनी. धान्यावर संशोधन करणारा हा माणूस, पण एकदा कशाच्या मागे लागला की लागला. आणि या बोर्डावरून तीन सभांमध्ये कडाक्याची भांडणं झाली होती.

मागून दीनानाथ आले. "अरेरे," ते म्हणाले. त्या अरेरेमध्ये दुःख कमी आणि सुटकेचा श्वास जास्त होता. "गुणवंतरावांचाच गेला की हो! थांबा, मी लॉबीत विचारतो कुणाला."

ते गेले आणि दोन मिनिटांत धापा टाकत परत आले. चेहरा लाल झाला होता.

"चोर पाहिलाय! सूर्यकांत काकांनी प्रत्यक्ष पाहिलंय. बोर्ड गुंडाळून नेताना. एक गोरी बाई!"

२

पद्मा मॅनेजर मिसेस लाउंच्या ऑफिसात पोचेपर्यंत दीनानाथांनी तिथे रामायण सांगून टाकलं होतं. "अ व्हाइट लेडी," असं ते इतक्यांदा म्हणाले होते की मिसेस लाउंनी ते कागदावर लिहूनही घेतलं होतं.

त्या वेळेला अख्ख्या इमारतीत गोरी बाई एकच होती. लेस्या. सफाईचं कंत्राट घेतलेल्या कंपनीची कामगार. ती खुर्चीत बसली होती, मॉप अजून हातात. युक्रेनमध्ये लढाई पेटल्यावर आईला घेऊन ती इथे आली होती.

"मी जाजम नेलं," ती अडखळत्या इंग्रजीत सांगत होती. "बुटांचा बर्फ, रस्त्यावर टाकतात ते मीठ. ओलं झालं होतं. गुंडाळलं, खाली नेलं. बोर्ड नाही. जाजम."

"गुंडाळलेलं काहीतरी होतं हे ती स्वतःच कबूल करतेय," दीनानाथ पद्माच्या कानाशी पुटपुटले. "वर्णद्वेषच आहे हा. 'गोरा कॅनडा' म्हटल्यावर झोंबणारच त्यांना."

मिसेस लाउ कपाळ चोळत म्हणाल्या, "हे बघा, चोरीची तक्रार आली की मला कंत्राटदाराला फोन करावाच लागतो. नियम आहे. आणि ते तिला आजच काढतील, चौकशी वगैरे काही करत बसणार नाहीत."

लेस्या एकदम उठली. "माझं परमिट," ती म्हणाली. पुढचं तिला इंग्रजीत सांगता येईना. मिसेस लाउंनीच सांगितलं. लेस्याचं तात्पुरतं परमिट संपत आलं होतं. पक्क्या रहिवासासाठी तिने अप्लाय केलं होतं, आणि तो अर्ज याच नोकरीच्या आधारावर उभा होता. नोकरी गेली की अर्ज पडला, अर्ज पडला की आईला घेऊन निघायचं. जाणार कुठे? त्यांच्या गावात आता घर असं उरलंच नव्हतं.

पद्माला भयंकर संताप आला. आपण इथे बसून शंभर वर्षांपूर्वी कुणी कुणाला बंदरातून परत पाठवलं त्याचे बोर्ड लावतोय, आणि पहिल्या फटक्यात एका बाईला देशाबाहेर काढायला निघालोय!

"दीनानाथराव, हिला मराठी येतं?" तिने विचारलं.

"काय?"

"आपले बोर्ड अजून फक्त मराठीत आहेत. इंग्रजी पट्ट्या चैत्राली आत्ता प्रिंट करून आणतेय. लेस्याला त्या बोर्डावर काय लिहिलंय ते कळलं कसं?"

"फोटो तर होते ना."

"मग दंग्याचा बोर्ड का नाही नेला? कोमागाटा मारूचा का नाही? गोऱ्यांची लाज काढणारे सगळे बोर्ड जागेवर आहेत. गेला तो एकच, आपल्याच माणसाची लाज काढणारा. ज्याने नेला त्याने तो वाचून नेलाय."

"म्हणजे तुम्ही माझ्यावर..."

"मी कुणावरच नाही म्हणत. तुम्ही आधी ते व्हाइट लेडी व्हाइट लेडी बंद करा." पद्मा मिसेस लाउंकडे वळली. "उद्घाटनापर्यंत फोन करू नका. प्लीज."

मिसेस लाउंनी घड्याळाकडे पाहिलं. "पाहुणे यायला लागेपर्यंत थांबते," त्या म्हणाल्या. "त्यानंतर माझा नाइलाज आहे."

३

सूर्यकांत काका लॉबीत हीटरला खेटून बसले होते. कराडहून नुकतेच मुलाकडे आले होते. मुलगा नंदू शनिवारीही कामावर, सून कामावर, कॉन्डोमध्ये दिवसभर भिंती बघून जीव गुदमरतो, म्हणून नंदू त्यांना सकाळीच इथे सोडून गेला होता.

"बसा ताई," काका म्हणाले. "आडनाव काय म्हनायचं?"

पद्माचं डोकं तिथेच फिरलं. सात समुद्र ओलांडले, बर्फात गाड्या चालवायला शिकलो, पण हा प्रश्न काही पाठ सोडत नाही. आडनाव विचारायचं, त्यावरून काय ते ताडायचं, मग चहा द्यायचा की नाही ते ठरवायचं.

"पद्मा म्हणा. आडनावाने बोर्ड सापडणार नाही."

"तसं न्हवं, आपलं सहज..."

"सहज कुणी विचारत नाही काका. तुम्ही काय पाहिलं तेवढं सांगा."

काका वरमले. टोपी काढून पुन्हा घातली आणि सांगू लागले. "मी हितंच बसलो हुतो बगा. त्या मडमनं समदी फरशी पुसली. मग जाजम गुंडाळून खाली न्हेलं. मला काय तरी म्हनली, मी आपला यस यस म्हनलो. दारावचा साहेब चा प्यायला गेला. मग जरा येळानं ती गोरी बाई वरच्या हॉलातनं खाली आली. काखंत भेंडोळं. बिगीबिगी गेली पार्किंगकडं."

"चेहरा पाहिला?"

"कोटाला टोपी हुती की. पार नाकापातुर. पर गोरी हुती. आमच्या सूनबाईवानी."

नंदूने इथलीच मुलगी केली असेल, पद्माच्या मनात आलं. हल्ली करतातच.

"वय?"

"बाई हुती, पोरगी न्हवं."

"काही बोलली?"

"न्हाई. माझ्याकडं बगितलं बी न्हाई." काका जरा पुढे झुकले. "ताई, त्या मडमला का बसवून ठिवलंय तिकडं? रडत हुती. तिचं काय चुकलं?"

"तुम्हीच तर सांगितलंत म्हणून!" पद्मा वैतागून म्हणाली.

"मी?" काकांनी डोळे मोठे केले. "मी कवा?"

म्हातारं माणूस. सांगतं काय, विसरतं काय. पद्माने मोठ्ठा श्वास घेतला, ठीक आहे काका म्हणाली आणि उठली. जिना अर्धा चढल्यावर तिला वाटलं, आत्ता काहीतरी ऐकलं आणि ते हातातून निसटलं. पण वरून चैत्रालीच्या बुटांचा आवाज आला आणि ते राहूनच गेलं.

४

सगळ्यात चांगला संशयित म्हणजे दीनानाथ. तीन सभांमध्ये ओरडून ओरडून सांगितलं होतं त्यांनी, की आपली धुणी इथे परक्यांसमोर कशाला धुवायची, पॉझिटिव्ह काहीतरी दाखवा. पण पद्माचं नशीबच असं, की चोरी झाली तेव्हा ते तिच्याच गाडीत बसून कॉफी आणायला आले होते आणि सगळा रस्ता मंडळाच्या घटनेतलं कलम समजावून सांगत होते. ज्याच्यावर हात टाकावासा वाटतो, त्याची साक्ष आपल्यालाच द्यावी लागते. वैताग नुसता!

सकाळपासून हॉलमध्ये आलेल्यांपैकी मग राहिल्या दोघी. चैत्राली आणि दीनानाथांच्या पत्नी सुरेखाताई. दोघी कोकणस्थ, दोघींचे कोट लांब, दोघींच्या कोटांना टोप्या. पण पद्माच्या डोक्यात हे त्या वेळी आलं नाही. तिला शोधायची होती गोरी बाई, किंवा त्या गोऱ्या बाईला हा बोर्ड न्यायला सांगणारं कुणीतरी.

चैत्रालीने बोर्ड डिझाइन केले होते आणि याच बोर्डावर खांबेट्यांचं आडनाव चुकवलं होतं म्हणून गुणवंतरावांनी तिला फोनवर फाडून खाल्लं होतं.

"पद्माताई, आय स्वेअर," ती इंग्रजी पट्ट्यांचा गठ्ठा टाकत म्हणाली, "मी लिटरली प्रिंट शॉपमध्येच होते. त्यांचं मशीन जॅम झालं. तो दुकानदार मला कंटाळलाय, विचारा त्याला. आणि मला चुकीचा बोर्ड लपवायचा असता तर मी काल रात्रीच बदलला नसता का? बदललाय मी तो. आत्ता करेक्ट स्पेलिंगवाला होता!"

तेही खरंच होतं.

सुरेखाताई हॉलच्या किचनमध्ये शंकरपाळे ताटल्यांत भरत होत्या. साठी उलटली तरी ताठ, घाऱ्या डोळ्यांच्या, बोलायला गोड.

"ये गं पद्मा. किती धावपळ करतेयस. घे ना." त्यांनी ताटली पुढे केली. "आमचे हे काही ऐकत नाहीत बघ. वर्णद्वेष, वर्णद्वेष. मला तर तीस वर्षांत कुणी वाकडं बोललं नाही. ग्रोसरीत सगळे मला इटालियनच समजतात." त्या हसल्या.

"तुम्ही कुठे होतात ताई, आम्ही कॉफीला गेलो तेव्हा?"

"इथेच. किचनमध्ये. मला काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही."

"बोर्ड वाचला होतात?"

"वाचला सकाळी. पहिल्यांदाच. हे घरी सांगायचे एक बोर्ड, एक बोर्ड, पण नाव वगैरे काही सांगितलं नव्हतं." त्यांनी शंकरपाळ्यांची रास उगीचच सारखी केली. "खरं सांगू? गेला ते बरं झालं. मेलेल्या माणसाला चव्हाट्यावर कशाला उभं करायचं? चुकला असेल. पण भोगलंही त्याने. बायको तिकडे चिपळुणात डोळे लावून बसली आणि हा इकडे एकटा मेला."

"फारच मनाला लागलंय तुमच्या."

"बाईमाणूस आहे. लागणारच."

पद्मा बाहेर जिन्यात आली. हातात काहीही नव्हतं. खाली गाड्या लागायला सुरुवात झाली होती आणि मिसेस लाउ ऑफिसच्या दारात उभ्या राहून तिच्याकडेच बघत होत्या.

तेवढ्यात लॉबीचं दार उघडलं. बुटांवरचा बर्फ झटकत एक मुलगी आत आली, हातात जेवणाचा डबा. काकांजवळ जाऊन म्हणाली, "बाबा, गोळी घेतली का तुम्ही?"

काकांनी लांबूनच पद्माला हात केला. "ताई! ही आमची सूनबाई, निधी!"

निधी कराडची होती. गोरीपान. केसात क्लिप, गळ्यात काळी पोत. पद्मा जिन्यातच थांबली.

५

"काका," पद्मा धावत खाली येऊन म्हणाली, "ती लेस्या, फरशी पुसणारी. तिला तुम्ही काय म्हणता?"

"कोन, ती मडम?"

"ती गोरी नाही का?"

काका आधी गोंधळले, मग खोखो हसले. "आवं ताई, मडमला गोरी कोन म्हनतं? मडम ती मडम. गोरी म्हंजी आपल्यातली गोरी!"

पद्माने कपाळावर हात मारून घेतला. काकांनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं तिला आठवलं. मडमनं फरशी पुसली, मडमनं जाजम नेलं, आणि मग जरा वेळाने ती गोरी बाई आली. दोन वेगळ्या बायका. माणसाने सरळ सांगितलं होतं! आणि ती स्वतः कोण? जिला जन्मभर सावळी सावळी ऐकावं लागलं, जिच्या बहिणीला 'मुलगी गोरी हवी' म्हणून तीन स्थळांनी नाकारलं. तिला हा शब्द कळू नये? दीनानाथांनी एका श्वासात त्याचं इंग्रजी केलं, आणि सगळे त्या इंग्रजीच्या मागे धावले.

तिने गुणवंतरावांना फोन लावला. ते ४०१ हायवेवर बर्फात अडकले होते आणि आवाजावरून फार भडकलेले होते.

"खांबेट्यांची बायको कुठली होती?" तिने विचारलं.

"ते नाही ना सापडलं बाप्पा. सहा महिने शोधलं. ना नाव, ना गाव. म्हणून तर बोर्डावर नाही टाकलं. काहून?"

"काही नाही. सावकाश या."

ती किचनमध्ये गेली तेव्हा दीनानाथ आणि चैत्रालीही तिथे होते. पद्माने दार लावून घेतलं.

"सुरेखाताई, गोऱ्या माणसाने तो बोर्ड नेला नाही. त्याला वाचताच आला नसता. काकांनी पाहिलेली बाई आपल्यातली होती. पोरगी नव्हती, म्हणजे चैत्राली नाही. आणि तुम्ही मला म्हणालात खांबेट्यांची बायको चिपळुणात होती. बोर्डावर चिपळूण नाही. गुणवंतरावांना सहा महिन्यांत चिपळूण सापडलं नाही. तुम्हाला कुठून कळलं?"

सुरेखाताईंनी हातातली ताटली खाली ठेवली.

"काहीतरीच काय!" दीनानाथ म्हणाले. "अगं सांग ना तिला."

"काकांना वर बोलावू?" पद्माने विचारलं.

"नको." सुरेखाताई खुर्चीवर बसल्या. "बोर्ड माझ्या गाडीत आहे. डिकीत. फाडणार होते, हात धजला नाही."

दीनानाथांचं तोंड उघडंच राहिलं.

"माझ्या आईचे आजोबा," त्या म्हणाल्या. "पणजी चिपळुणात म्हातारी होईपर्यंत कुंकू लावून बसली. नवरा आहे की गेला तेसुद्धा तिला धड कळलं नाही. आईने मला एवढंच सांगितलं होतं की ते कॅनडात गेले आणि तिथे गोऱ्यांशी भांडले. मी व्हिक्टोरियाला गेले तेव्हा बंदरावर उभी राहून रडले होते गं. माझ्या पणजोबांनी आमच्यासाठी भांडण केलं म्हणून. आणि आज सकाळी वाचलं, की भांडण कसलं, मला आत घ्या आणि बाकीच्यांना हाकला म्हणाले."

"मला कधी सांगितलं नाहीस?" दीनानाथ म्हणाले.

"तुम्ही सभेत सांगितलं असतंत."

पद्माला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण खाली ऑफिसात एक बाई मॉप धरून बसली होती.

"तुमचं दुःख मला कळतं ताई. पण लेस्याला धरलं तेव्हा तुम्ही इथेच होतात. तिची नोकरी जाणार, परमिट जाणार, हे दीनानाथरावांनी इथे येऊन सांगितलं असणार."

"सांगितलं."

"आणि तुम्ही शंकरपाळे भरत राहिलात?"

"मला वाटलं तिला काय होतंय!" सुरेखाताई एकदम कळवळून म्हणाल्या. "ती गोरी आहे. त्यांना कोण बाहेर काढतंय? सांभाळून घेतील तिला."

"कोण सांभाळून घेणार? तिचं इथे कोण आहे? एक आई आहे, तीही तिच्याच भरवशावर!" पद्माचा आवाज चढला. "तुमचे पणजोबा म्हणाले मला आत घ्या, बाकीच्यांना अडवा. तुम्ही आज तोंड बंद ठेवून तेच करताय."

सुरेखाताईंनी पदराने तोंड दाबलं.

दीनानाथ पुढे झाले. "आता झालं ते झालं. मिटवून टाकू. बोर्ड चुकून गाडीत राहिला होता म्हणून सांगू. घरातल्या घरात."

"आणि काकांनी पाहिलेली गोरी बाई? ती मिसेस लाउंच्या कागदावर तशीच राहील, लेस्याच्या नावासमोर. उद्या कंत्राटदाराने विचारलं तर तेच पुढे जाईल." पद्माने दार उघडलं. "कागदावरचं खोडायचं असेल तर खोडणारी एकच बाई आहे इथे."

सुरेखाताई उठल्या. नवऱ्याने पुढे केलेला हात त्यांनी धरला नाही.

६

मिसेस लाउंनी फोन उचललेला होता. लेस्याने कोट घालून चेन गळ्यापर्यंत ओढली होती, मॉप भिंतीला टेकवून ठेवला होता. दारातून दिसत होतं की नगरसेविकाबाईंची गाडी आली.

"थांबा," सुरेखाताई इंग्रजीत म्हणाल्या. "बोर्ड मी नेला."

मिसेस लाउंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पद्माकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. सकाळपासूनचा वैताग त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

"मिसेस बिवलकर, तुम्ही हिला वाचवायला बघताय, फार चांगलं आहे. पण साक्षीदाराने व्हाइट लेडी सांगितलंय. तुमच्याच मिस्टरांनी मला सांगितलं, चार वेळा."

"ती मीच."

"कोण?"

"ती व्हाइट लेडी. ती मी आहे."

मिसेस लाउंना हसू आलं नाही. त्यांनी समोरच्या बाईला नीट न्याहाळलं, कुंकवापासून साडीच्या काठापर्यंत, आणि थकलेल्या पण समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, यू आर नॉट व्हाइट."

त्यात अपमान नव्हता. गाडी निळी नाही, काळी आहे, असं सांगावं तितक्या साधेपणाने त्या म्हणाल्या. पण सुरेखाताईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तीस वर्षांत हे त्यांना कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. पद्माने समजावून सांगायला तोंड उघडलं. गोरी म्हणजे काय, मराठीत तो शब्द कुणाला लावतात, काकांना काय म्हणायचं होतं. मग तिने ते तसंच मिटलं. हे तिचं बोलायचं नव्हतं.

मिसेस लाउंनी मान हलवली आणि नंबर फिरवायला सुरुवात केली. लेस्याने डोळे मिटले, तिचे ओठ हलत होते.

सुरेखाताई टेबलाला वळसा घालून गेल्या आणि त्यांनी फोनवर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही.

"तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी नाही व्हाइट. माझ्या घरात कुणीच नव्हतं. बोर्ड माझ्या गाडीत आहे, बघून घ्या, आणि तो कागद खोडा. व्हाइट लेडी कोणी नव्हतीच इथे. चोर होती, ती मी."

मिसेस लाउंनी फोन ठेवला आणि तो कागद पुढे ओढला.